चिकनला सुटणारे पाणी मोजताना आधी पहिले वजन ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: बोनलेस ब्रेस्टच्या ट्रेमध्ये दोन दिवसांत लालसर पाणी साचते. ड्रिप लॉस, म्हणजे मांसातून आपोआप सुटलेल्या पाण्याचे शेकडा प्रमाण, मोजायला घेतला, तर एकाच लॉटचा आकडा एका माणसाचा १.२ टक्के येतो आणि दुसऱ्याचा ३.५. यातला खरा कोणता, आणि त्यावरून मांसाचा दर्जा ठरवता येतो का?

दोन्ही आकडे खरे असू शकतात. बहुधा दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. पाणी सुटण्याचा आकडा म्हणजे शेवटी दोन वजनांमधला फरक. दुसरे वजन सगळेच काळजीपूर्वक घेतात, घोळ होतो तो पहिल्या वजनात. ते कापणीनंतर किती तासांनी घेतले, तेव्हा मांसावर बाहेरचे पाणी होते का, आणि तोवर आतले किती पाणी आधीच निघून गेले होते, हे पक्के नसेल तर काटा कितीही महागाचा असो, आकडा तुलनेला उपयोगाचा नाही. दर्जा नक्की ठरवता येतो, पण पद्धत एकच ठेवली आणि सोबत पीएच (आम्लतेचे माप, जितका कमी तितके आम्ल जास्त) पाहिला तरच.

आधी पाणी कुठे असते ते पाहू, म्हणजे पुढच्या पायऱ्यांचे कारण कळेल. कोंबडीच्या छातीच्या मांसात साधारण ७५ टक्के पाणी असते. त्यातले बहुतेक, सुमारे ८५ टक्के, स्नायूतंतूंमधल्या प्रथिनांच्या जाळीत अडकलेले असते. प्रथिनांना घट्ट चिकटलेले पाणी फारच थोडे. बाकीचे सगळे जाळीतल्या जागेवर अवलंबून आहे: जागा आक्रसली की पाणी बाहेर. कापणीनंतर स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते आणि पीएच ७ च्या आसपासवरून ५.७ ते ५.९ पर्यंत उतरतो. मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांवरचा विद्युतभार पीएच ५.२ च्या आसपास जवळपास शून्य होतो. तिकडे जसजसे जाऊ तसतसे तंतू एकमेकांना दूर ढकलेनासे होतात आणि जाळी बसते. त्यात स्नायू ताठरताना होणारे आकुंचन मिळते. दाबले गेलेले पाणी तंतूंच्या जुड्यांमधल्या फटींत येते आणि तिथून कापलेल्या पृष्ठभागावर. म्हणजे ट्रेमध्ये दिसणारे पाणी कित्येक तास आधीच तंतूतून सुटलेले असते, आपल्याला ते नंतर दिसते एवढेच. त्याचा लालसर रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूतल्या लाल प्रथिनाचा असतो, रक्ताचा नव्हे, आणि त्या पाण्याबरोबर विरघळलेली प्रथिनेही जातात.

नुसता पीएच उतरणे हा दोष नाही, ते व्हायलाच हवे. मांस गरम असताना पीएच झपाट्याने उतरला तर मात्र मायोसिन बिघडते आणि ते पुन्हा पाणी धरत नाही. कोंबडीचे शरीर मुळात ४१ अंशांच्या आसपास गरम असते आणि ताठरण्याची क्रिया छातीच्या स्नायूत काही तासांतच उरकते, त्यामुळे थंड करायला मिळणारा वेळ मोठ्या जनावरांच्या मानाने फार कमी. कापणीआधीची उष्णता, पिंजऱ्यातली गर्दी, टांगल्यावरची फडफड आणि सुस्त चिलर (कोंबडी गारवण्याची यंत्रणा) यांचा परिणाम म्हणूनच लगेच आकड्यात दिसतो.

आता पहिल्या वजनाचा मुद्दा. समजा, दोन ठिकाणी आतडी काढलेली कोंबडी १५०० ग्रॅमची आहे. एका ठिकाणी थंड हवेने गारवतात. तिथे पृष्ठभाग सुकून ती १४७७ ग्रॅम होते आणि पुढच्या चोवीस तासांत १४७० वर येते. दुसऱ्या ठिकाणी बर्फाच्या पाण्यात बुडवून गारवतात. तिथे ती पाणी पिऊन १५७५ होते आणि चोवीस तासांत १५३० वर येते. चिलरनंतरचे वजन पहिले धरले तर हवेच्या चिलरचा ड्रिप लॉस ०.४७ टक्के आणि पाण्याच्या चिलरचा २.८६ टक्के. पहिली कोंबडी कितीतरी चांगली वाटते. गरम वजन, म्हणजे १५०० ग्रॅम, पहिले धरले तर पहिलीत २ टक्के घट आहे आणि दुसरीत अजून २ टक्के वाढ उरली आहे. चारही आकडे बरोबर, पण यांतला एकही मांसाच्या पाणी धरण्याच्या ताकदीबद्दल बोलत नाही. एकात वाफ होऊन गेलेले पाणी लपले आहे, दुसऱ्यात बाहेरून घेतलेले. बुडवताना शिरलेले पाणी बरेचसे कातडीत आणि कातडी-मांसाच्या मधल्या फटीत असते. ते पहिल्या काही तासांत निथळते आणि ड्रिप म्हणून मोजले जाते.

म्हणून कामाची विभागणी करा. उतारा आणि हिशोब पाहायचा असेल तर गरम वजनापासून प्रत्येक टप्प्यावर वजन घ्या. मांसाचा दर्जा पाहायचा असेल तर कातडी काढलेला, हाडावेगळा ब्रेस्ट घ्या, वरचे पाणी टिपा आणि कापणीनंतरचा ठरलेला तास गाठून वजन करा. हाड काढण्याची वेळही एकच ठेवा. कापणीनंतर चार तासांच्या आत हाड काढले तर ताठरणे पूर्ण व्हायच्या आधीच स्नायू सुटा होतो, आखडतो, निबर होतो आणि पाण्याचा आकडाही बदलतो. रोजच्या कामात सहा तासांनी किंवा चोवीस तासांनी, जे जमेल ते चालेल. मात्र एकदा ठरवले की बदलायचे नाही. पाणी सुटण्याचा वेग पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. सहा तासांनी सुरू केलेली आणि चोवीस तासांनी सुरू केलेली मोजणी एका तक्त्यात ठेवायची नसते.

टांगून ड्रिप लॉस

दर्जासाठी हीच पद्धत मुख्य धरावी. सामान थोडे लागते: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, गंज न चढणारे हूक किंवा सुती दोरा, जाड पॉलिथिनच्या पिशव्या, टिपकागद आणि तापमान १ ते ४ अंशांत स्थिर राहणारा फ्रिज.

काटा एक ग्रॅमचा असेल तर हे काम सुरूच करू नका. १४० ग्रॅमच्या ब्रेस्टमधून तीनेक ग्रॅम पाणी जाते. दोन्ही वजनांत अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमची चूक विरुद्ध दिशांना झाली तर तिसरा हिस्सा आकडा खोटा.

शक्यतो अख्खा ब्रेस्ट वापरा. तुकडाच घ्यायचा असेल तर नेहमी वरच्या जाड टोकाकडचा, एकाच मापाचा, तंतूंच्या दिशेने कापलेला घ्या. तुकडा जितका लहान तितका वजनाच्या मानाने कापलेला पृष्ठभाग जास्त, आणि तंतू आडवे कापले की पाण्याला बाहेर पडायला वाटा मोकळ्या होतात. ३० ग्रॅमच्या तुकड्याचा आकडा अख्ख्या ब्रेस्टपेक्षा जास्त येतो, मांस तेच असूनही. चरबी, रक्ताच्या गुठळ्या आणि लोंबणारे पापुद्रे काढून टाका, कारण ते मधेच गळून पडले की पाण्यात मोजले जातात.

दोन टिपकागदांमध्ये ब्रेस्ट ठेवा, हाताचा भार न देता प्रत्येक बाजू दोन-तीन सेकंद टेकवा आणि लगेच वजन घ्या. जाड टोकातून हूक ओवा, पिशवीत हवा धरून तोंड बांधा आणि असे टांगा की मांस पिशवीला कुठेही टेकणार नाही. टेकले की सुटलेले पाणी पिशवी आणि मांसाच्या मध्ये अडकते, मांस त्यातच भिजते आणि आकडा कमी येतो. पिशवी उघडी राहिली तर फ्रिजचा पंखा मांस सुकवतो आणि आकडा फुगतो. २४ किंवा ४८ तासांनी काढा, पिशवीतले पाणी मांसाला लागू न देता, पुन्हा तशाच रीतीने टिपा आणि वजन करा.

ड्रिप लॉस = (पहिले वजन − दुसरे वजन) ÷ पहिले वजन × १००

१४२.६० ग्रॅमचा ब्रेस्ट १३९.३२ झाला, तर ३.२८ ग्रॅम गेले, म्हणजे २.३० टक्के. हवेने गारवलेल्या चांगल्या मांसाचा अख्ख्या ब्रेस्टवरचा आकडा अनेकदा १ ते ३ टक्क्यांत असतो. चारच्या वर जाणारे ब्रेस्ट बाजूला काढून नीट पाहावेत. पण दुसऱ्याच्या मर्यादा उचलून लावण्यापेक्षा, नेहमीच्या चांगल्या मालावर मोजून स्वतःची पायारेषा तयार करणे जास्त विश्वासाचे. पद्धतीतला छोटा फरकही अर्धा-एक टक्का सहज हलवतो.

सर्वांत जास्त चूक टिपण्यात होते, हे ठासून सांगायला हवे. एक माणूस कागद टेकवतो, दुसरा दाबतो, आणि दाबणाऱ्याच्या हातून कागद मांसाच्या आतलेही पाणी ओढून घेतो. दहा ब्रेस्ट घ्या, एकाने टिपून वजन करावे, लगेच दुसऱ्याने तेच ब्रेस्ट टिपून वजन करावे. दुसऱ्या हातात वजन ०.२ टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर आधी हात सारखे करा. तुमच्या १.२ आणि ३.५ मधला बराच फरक इथेच सापडण्याची शक्यता आहे. उरलेला पहिल्या वजनाच्या वेळेत सापडेल.

ट्रेमधले पाणी

टांगण्याची पद्धत मांसाबद्दल सांगते. ग्राहकाच्या हाती जाणारा ट्रे वेगळा सांगतो, कारण तिथे मांसावर मांसाचा भार असतो, खाली शोषक पॅड असतो आणि वर फिल्म. पॅड मांसाला टेकलेला असल्याने नुसते सुटलेले पाणीच नव्हे, थोडे आतलेही ओढतो. निर्वात पॅकमध्ये बाहेरच्या हवेचा दाब मांस पिळतो, म्हणून तिथला आकडा आणखी जास्त येतो. हे आकडे वेगळ्याच वहीत लिहावेत.

इथे चार वजने घ्या: रिकामा ट्रे पॅड आणि फिल्मसह, मांस, आणि शेवटी उघडल्यावर पुन्हा दोन्ही वेगवेगळे. समजा मांस ५००.० चे ४८९.० ग्रॅम झाले, घट ११.० ग्रॅम, म्हणजे २.२ टक्के. ट्रे-पॅड-फिल्मचे वजन ९.६ ग्रॅमने वाढले. उरलेले १.४ ग्रॅम कुठे गेले? फिल्ममधून वाफ होऊन, सीलमधून गळून किंवा टिपकागदावर आणि हातमोज्यांवर. हा उरलेला आकडा दर वेळी लिहा. तो अचानक वाढला तर सील फसले आहे किंवा वजन करणारा घाई करतो आहे, आणि दोन्ही वेळेवर कळतात. मांसात मिठाचे किंवा फॉस्फेटचे द्रावण टोचलेले असेल तर टोचण्याआधीचे, टोचल्यानंतरचे आणि निथळल्यानंतरचे अशी तीन वजने हवीतच, नाहीतर सुटलेले पाणी मांसाचे की द्रावणाचे हे कळायचा मार्ग उरत नाही.

गोठवलेला माल

ब्रेस्ट गोठवण्याआधी, गोठलेला आणि वितळल्यावर, असे तीनदा तोला. पहिल्या दोहोंतला फरक पृष्ठभागावरून उडून गेलेल्या पाण्याचा असतो. वेष्टण सैल असेल तर तो वाढतो आणि पिशवीच्या आतल्या बाजूला हिम दिसते. ते हिम मांसाचेच पाणी आहे, म्हणून पिशवी झटकून फेकू नका, तिचेही वजन धरा. दुसऱ्या दोहोंतला फरक म्हणजे वितळताना सुटलेले पाणी. वितळवणे ४ अंशांवर, पिशवीतच, अख्ख्या ब्रेस्टला साधारण २४ तास, आणि मध्यभागाचे तापमान पाहूनच पिशवी उघडायची. उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यातून मांस जितके हळू जाते तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि वितळताना पाणी जास्त सुटते. फ्रीझरमध्ये खोके एकावर एक रचले तर मधल्या खोक्यांचा आकडा कडेच्या खोक्यांपेक्षा वाईट येतो. नमुने दोन्ही जागांचे घ्या.

अख्ख्या गोठवलेल्या कोंबडीत बाहेरचे पाणी किती घातले आहे हे पकडण्यासाठी युरोपीय संघाच्या २००८ च्या ५४३ क्रमांकाच्या नियमात याच तत्त्वावर चाचणी ठेवली होती: २० कोंबड्या, पिशवीत घालून ४२ अंशांच्या पाण्यात, मध्यभाग ४ अंशांवर येईपर्यंत. वितळताना सुटणाऱ्या पाण्याची सरासरी मर्यादा हवेने गारवलेल्यांसाठी १.५ टक्के, हवा आणि फवाऱ्याने गारवलेल्यांसाठी ३.३ आणि बुडवून गारवलेल्यांसाठी ५.१ टक्के. एकाच चाचणीला तीन वेगळ्या मर्यादा लागतात, यावरून चिलरचा वाटा किती मोठा ते दिसते.

शिजवतानाची घट

टांगून झालेला ब्रेस्टच वापरला तरी चालतो, पण मग ते नोंदवा आणि सगळे नमुने तसेच घ्या. ब्रेस्ट टिपून तोला, पातळ पिशवीत घालून हवा काढा आणि ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये (तापमान स्थिर राखणाऱ्या पाण्याच्या टाकीत) सोडा. पिशवीचे तोंड पाण्याबाहेर राहील असे अडकवा. मध्यभाग ७५ अंशांना पोचला की बाहेर काढा. त्यानंतर पिशवीसकट बर्फाच्या पाण्यात अर्धा तास गार करा, मग उघडा, रस ओता, टिपा, तोला. गरम असतानाच तोललेत तर वाफेने वजन डोळ्यांदेखत उतरत राहते.

इथे वेळ धरू नका, तापमान धरा. जाड ब्रेस्टला ७५ अंश गाठायला पातळ ब्रेस्टपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. सगळ्यांना तीस मिनिटे दिलीत तर पातळ ब्रेस्ट जास्त शिजतील आणि आकडा मांसाच्या दर्जाऐवजी जाडीबद्दल बोलेल. मायोसिन ४० ते ६० अंशांत बिघडते, मग संयोजी ऊती आक्रसतात आणि ७० ते ८० मध्ये ॲक्टिनची पाळी येते. या शेवटच्या टप्प्यात दोन-तीन अंशांचा फरकही घट वाढवतो. तापमानाची सुई प्रत्येक ब्रेस्टमध्ये खुपसू नका, भोकातून रस निघतो. त्याच वजनाच्या, त्याच जाडीच्या एका जादा ब्रेस्टमध्ये सुई ठेवा आणि त्याचा आकडा हिशोबात धरू नका.

या पद्धतीने घट साधारण २० ते २५ टक्के येते. यात पाण्याबरोबर वितळलेली चरबी, जिलेटिन आणि विरघळलेली प्रथिनेही असतात, म्हणून हिला शुद्ध पाण्याची घट म्हणू नये. आणखी एक हिशोबाची चूक नेहमी दिसते: ड्रिपचे ३ टक्के आणि शिजवतानाचे २२ मिळून २५ असे जोडतात. दुसरी टक्केवारी उरलेल्या वजनावर आहे. खरी एकूण घट १ − (०.९७ × ०.७८) म्हणजे २४.३ टक्के. हजार किलोवर हा फरक सहा-सात किलोंचा होतो.

झटपट पद्धती

टिपकागदावर ०.३ ग्रॅम मांस ठेवून ठरलेल्या वजनाखाली पाच मिनिटे दाबायचे आणि ओल्या वलयाचे क्षेत्रफळ मोजायचे, ही पद्धत ग्राऊ आणि हॅम यांनी १९५३ मध्ये मांडली. ती स्वस्त आणि वेगवान आहे, एका दिवसात एका माणसाने केलेल्या नमुन्यांची आपसांतली तुलना तिच्यात चांगली होते. कागद हवेतली ओल धरतो, इतका छोटा तुकडा अख्ख्या ब्रेस्टचा प्रतिनिधी नसतो, आणि दाब किंचित बदलला की वलय बदलते. म्हणून या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी ताडून पाहू नये.

सॉसेज, नगेट असा प्रक्रिया केलेला माल करणाऱ्यांना वेगळी माहिती हवी असते: मीठ घातल्यावर हे मांस किती पाणी धरेल? त्यासाठी २० ग्रॅम खिमा, ३० मिलीलिटर मिठाचे द्रावण (लिटरला ३५ ग्रॅम मीठ), नीट ढवळून ४ अंशांवर १५ मिनिटे, मग सेंट्रीफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) ३००० पट गुरुत्वावर २५ मिनिटे, आणि वर आलेले द्रावण मोजायचे. ३० मधून जितके कमी परत आले तितके मांसाने धरले. ताज्या ब्रेस्टच्या ट्रेमध्ये पाणी का साचते याचे उत्तर मात्र या चाचणीत मिळत नाही.

ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वाळवून काढलेले एकूण पाणी हा तिसराच प्रकार. त्यावरून पाणी धरण्याची ताकद काढायला जाऊ नये. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे वूडी ब्रेस्ट, मोठ्या आणि वेगाने वाढलेल्या कोंबड्यांत दिसणारा लाकडासारखा कडक ब्रेस्ट. त्यात एकूण पाणी नेहमीपेक्षा जास्त आणि प्रथिने कमी असतात. पाणी जास्त, तरी ते सुटतेही जास्त, कारण धरणारे स्नायूतंतू झिजून त्यांच्या जागी संयोजी ऊती आणि चरबी आलेली असते.

पीएच आणि रंग यांची जोड

ड्रिपचा आकडा "किती" सांगतो, "का" सांगत नाही. कारण शोधायला पीएच लागतो. एका बाजूचा ब्रेस्ट टांगायला ठेवा आणि त्याच कोंबडीच्या दुसऱ्या बाजूच्या ब्रेस्टमध्ये पीएचची सुई घाला, म्हणजे मोजायच्या ब्रेस्टला भोक पडणार नाही. मीटर पीएच ४ आणि ७ च्या द्रावणांनी, मांसाच्या तापमानाशी जुळवून, रोज तपासा. सुईवर प्रथिने आणि चरबी साचली की आकडा हळूहळू रांगत राहतो. दर काही नमुन्यांनंतर ती धुवायलाच हवी. रंग मोजायचा तर ब्रेस्टच्या हाडाकडच्या बाजूवर मोजा. कातडीकडची बाजू गरम पाण्याच्या टाकीत, पिसे सैल करताना, भाजल्यासारखी पांढुरकी झालेली असू शकते.

चोवीस तासांनी पीएच ५.७ च्या खाली, रंग फिका (बहुतेक जण उजळपणाचा एल-स्टार ५३ च्या वर गेला की फिका धरतात), हाताला मऊ आणि ओला: हे गरम असताना आम्ल झालेले मांस. याचे मूळ पकडणी, वाहतूक, ताटकळणे आणि चिलरचा पहिला तास यांत शोधा. पीएच ६.१ च्या वर आणि रंग गडद असेल तर पाणी फार सुटणार नाही, ट्रे कोरडा दिसेल, पण जंतू लवकर वाढतात आणि माल कमी दिवस टिकतो. कमी ड्रिप म्हणजे नेहमीच चांगले मांस, असे समजून अशा लॉटला शाबासकी देऊ नका. आणि पीएच नेहमीपेक्षा किंचित जास्त असूनही ड्रिप आणि शिजवतानाची घट दोन्ही वाढलेली असेल, तर हात लावून पाहा, जाड टोक कडक लागेल. तो वूडी ब्रेस्ट. इथे पीएचवर विश्वास ठेवून चिलरमध्ये चूक शोधत बसलात तर काही सापडणार नाही, कारण दोष कापणीच्या कितीतरी आधीचा आहे.

किती नमुने

एकाच कळपातल्या, एकाच दिवशीच्या कोंबड्यांतही ड्रिप लॉस खूप बदलतो. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) १ टक्का धरले तर दोन लॉटमधला १ टक्क्याचा फरक भरवशाने ओळखायला प्रत्येक लॉटचे साधारण १६ ब्रेस्ट लागतात. अर्ध्या टक्क्याचा फरक ओळखायचा असेल तर ६३. पाच-पाच ब्रेस्ट मोजून "नवीन चिलर चांगला" असे ठरवणे म्हणजे अंदाजाला दशांश चिन्ह लावणे. नमुने शिफ्टच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे घ्या, कारण गाडीत शेवटपर्यंत ताटकळलेल्या कोंबड्या शेवटी येतात. आणि नुसती सरासरी लिहू नका. सरासरी २.१ असलेल्या दोन लॉटमध्ये, एकात सगळे ब्रेस्ट २ च्या आसपास असतील आणि दुसऱ्यात बहुतेक दीडवर आणि पाच-सहा ब्रेस्ट ५ वर असतील. ट्रेमध्ये पाणी साचल्याच्या तक्रारी येतात त्या दुसऱ्या लॉटच्या. ४ टक्क्यांच्या वरचे ब्रेस्ट शेकडा किती, हा रकाना सरासरीच्या शेजारी ठेवा.

टांगून मोजलेला आकडा ठीक आणि ट्रेचा वाढलेला असेल तर मांसात दोष नाही. ट्रेमधला थर, पॅड, सील आणि शीतपेटीतले चढउतार तपासा. तापमान ४ वरून ८-१० अंशांवर जाऊन परत येते तेव्हा पाणीही जास्त सुटते आणि फिल्मच्या आतून दवही धरते. दोन्ही आकडे वाढले आणि पीएच नेहमीसारखा असेल तर पहिल्या वजनाआधी ब्रेस्टवर चिलरचे पाणी राहिले का ते पाहा. ताजा माल ठीक आणि वितळलेलाच बिघडत असेल तर फ्रीझरचा वेग आणि खोक्यांची रचना.

प्रत्येक नोंदीत कापणीची वेळ, हाड काढण्याची वेळ, पहिल्या वजनाची वेळ, चिलरचा प्रकार, ब्रेस्टचे मध्यभागी तापमान, टिपणाऱ्याचे नाव आणि फ्रिजचे किमान-कमाल तापमान एवढे असलेच पाहिजे. चाचणीत टांगलेले, हाताळलेले ब्रेस्ट पुन्हा विक्रीच्या मालात मिसळायचे नाहीत. हूक आणि काटा प्रत्येक फेरीनंतर साबणाने धुऊन निर्जंतुक करा आणि पुढच्या फेरीआधी काटा ठरलेल्या वजनाने तपासून घ्या.